इंग्लंडमधल्या घरगुती बागा बघायला जायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिना सरत आला की इथल्या खेड्यांत रस्त्याच्या वळणांवर, कुंपणांवर, फाटकांवर पिवळे फलक दिसायला लागतात. इंग्लंडमधल्या पहिल्या दोन वर्षांत मी ते बघून पुढे जात होते. घर विकायला काढल्याची पाटी असावी, असंच वाटायचं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्या दिवशी त्या घराची बाग सगळ्यांसाठी खुली असते, पाच-सहा पौंड द्यायचे आणि आत जायचं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही चार-पाच बागा तरी बघतो. सांगलीहून आई-बाबा येतात तेव्हा तर हमखास जातो. बाबांना राजवाडे आणि संग्रहालयं दोन दिवसांत पुरे होतात, बागेत मात्र ते तीन तास रमतात.

सुरुवातीला आम्ही बऱ्याच चुका केल्या. इथे नव्याने आलेल्यांना त्या टाळता याव्यात म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी हे समजून घ्या: ते कुणाचं तरी राहतं घर आहे

या खुल्या बागांमागे बहुतेक वेळा नॅशनल गार्डन स्कीम ही संस्था असते. तिची गोष्ट जाण्याआधी माहीत असली तर तिथे कसं वागायचं ते आपोआप कळतं.

१८५९ साली लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी आजारी होती आणि तिच्या शुश्रूषेला मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी येत होती. पत्नी गेल्यावर रॅथबोन यांनी त्याच परिचारिकेला शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी पगारावर नेमलं. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची इथली व्यवस्था त्यातून उभी राहिली. पुढे या कामासाठी पैसा कमी पडू लागला, तेव्हा एल्सी वॅग या बाईंनी एक कल्पना मांडली: ज्यांच्याकडे चांगल्या बागा आहेत त्यांनी त्या लोकांना दाखवाव्यात आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि ८,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. आज इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मिळून तीन हजारांहून जास्त बागा या योजनेत आहेत. जमणारा पैसा मॅकमिलन, मेरी क्युरी, हॉस्पिस यूके यांसारख्या, रुग्णांची आणि मरणाच्या दारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थांना जातो. स्कॉटलंडची अशीच वेगळी योजना १९३१ पासून आहे.

म्हणजे आपण देतो ते पैसे मालकाच्या खिशात जात नाहीत. त्या माणसाने वर्षभर खपून, आठवडाभर गवत कापून, आदल्या रात्री केक भाजून आपलं फाटक उघडलेलं असतं. मला हे आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखं वाटतं. त्या संध्याकाळी ओळखीची, बिनओळखीची कुणीही बाई घरात येते, तिचं स्वागत होतं, पण म्हणून कुणी आतल्या खोलीचं कपाट उघडून बघत नाही. बागेतही तसंच वागायचं. पैसे भरले तरी आपण पाहुणेच असतो.

२. बाग निवडताना

योजनेच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकला की आसपास कुठल्या तारखेला कुठली बाग खुली आहे ते दिसतं. दरवर्षी पिवळ्या मुखपृष्ठाचं जाडजूड पुस्तकही निघतं. त्याला सगळे ‘यलो बुक’ म्हणतात आणि गावच्या वाचनालयात ते बहुधा मिळतं.

एखादी बाग पक्की करण्याआधी तिची माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बाग किती मोठी आहे, चहा आहे का, रोपं विकायला आहेत का, चाकाची खुर्ची जाईल का, कुत्रा चालेल का, हे सगळं छोट्या चिन्हांनी दिलेलं असतं. कॉटेज गार्डनमध्ये, म्हणजे खेड्यातल्या छोट्या घराभोवतीच्या दाट फुलांच्या बागेत, विटांच्या अरुंद वाटा आणि मध्येच दोन-तीन पायऱ्या असतात. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल, बाबागाडी असेल, तर आधी मेल करून विचारलेलं बरं. उत्तर येतं.

पहिल्यांदा जात असाल तर एका बागेऐवजी अख्ख्या गावाचा कार्यक्रम निवडा, असं मी सांगेन. एकाच दिवशी गावातली सहा-आठ घरं आपल्या बागा उघडतात. एकाच तिकिटात हातात नकाशा मिळतो आणि एका फाटकातून दुसऱ्या फाटकाकडे चालत जायचं असतं. एखादी बाग नाही आवडली तरी दिवस वाया जात नाही. काही गावं हे या योजनेशिवाय, आपल्या चर्चच्या छपरासाठी किंवा शाळेसाठी स्वतंत्रपणे करतात. त्याच्या जाहिराती गावातल्या दुकानात आणि सूचनाफलकावर लागतात.

३. कुठला महिना?

कॉटेज गार्डनसाठी जून. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. गुलाब, फॉक्सग्लोव्ह, डेल्फिनियम, पिओनी, हार्डी जिरेनियम सगळं एकदम बहरलेलं असतं आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जुलैत हॉलीहॉक (आपला गुलखैरा), फ्लॉक्स आणि स्वीट पी. ऑगस्ट-सप्टेंबरात डेलिया. फेब्रुवारीत स्नोड्रॉप बघायलाही बागा उघडतात, पण तेव्हा बोटं गारठतात आणि चिखल असतो. आई-बाबांना घेऊन तेव्हा जाऊ नका.

गवताच्या परागांचा त्रास मे ते जुलै सर्वांत जास्त असतो. भारतात कधी शिंकही न आलेल्या माणसाला इथे तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात तो सुरू होऊ शकतो. माझ्या नवऱ्याचं तसंच झालं. डोळे चुरचुरत असतील तर औषध दुकानदाराला विचारून गोळी घ्या आणि मग निघा.

४. पोचणं

इथे आमचा पहिला फजितीचा दिवस घडला. पोस्टकोड टाकला आणि गाडी थेट एका शेतकऱ्याच्या गोठ्यासमोर जाऊन उभी राहिली. शहरात एक पोस्टकोड म्हणजे रस्त्याचा छोटासा तुकडा. खेड्यात त्याच एका पोस्टकोडात मैलभर पसरलेली घरं असू शकतात. म्हणून माहितीत दिलेलं रस्त्याचं वर्णन आधीच वाचून ठेवा आणि शेवटच्या मैलात फोनकडे बघायचं सोडून पिवळे बाण शोधा.

गाडी नसेल तर रविवारची बस आहे का ते नीट तपासा. खेड्यांकडच्या बऱ्याच बस रविवारी धावतच नाहीत आणि बागा तर बहुधा रविवारीच उघडतात. जवळचं स्टेशन आणि तिथून चालत किंवा टॅक्सी, असा बेत करा. तीन ते नऊ जण मिळून जात असाल तर गर्दीची वेळ सोडून बऱ्याच रेल्वे कंपन्या गटाच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट देतात.

वेळ साधारण दुपारी दोन ते पाच अशी असते. अकराला पोचून फाटक वाजवू नका. आत घरची माणसं तेव्हा खुर्च्या मांडत असतात. पाऊस असला तरी बाग बहुतेक वेळा उघडते, पण क्वचित रद्द होते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी संकेतस्थळावरचं त्या बागेचं पान पुन्हा एकदा बघा.

५. बरोबर काय घ्यायचं

- सुटे पैसे. माणशी साधारण ५ ते ८ पौंड लागतात, लहान मुलांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. कार्ड आता पुष्कळ ठिकाणी चालतं, पण खेड्यात सिग्नल गेला की यंत्र बंद पडतं. चहा आणि रोपांसाठी नाणी हवीतच.
- सपाट, न घसरणारे बूट. ओलं गवत आणि शेवाळलेली वीट यांच्यावर चपला टिकत नाहीत.
- हलका रेनकोट. अरुंद वाटेवर छत्री नको. ती फुलांना लागते आणि मागून येणाऱ्याच्या डोळ्यालाही.
- पाण्याची बाटली आणि टोपी.
- छोटी वही आणि पेन. झाडांची नावं ऐकून लक्षात राहत नाहीत.
- रोपं आणायला गाडीत एक पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनी वर्तमानपत्रं.

पैशांबद्दल खास सूचना. आई-बाबांनी मागच्या खेपेच्या पौंडाच्या नोटा जपून आणल्या असतील तर त्या बघून घ्या. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बाद झाल्या आणि जुनं गोल एक पौंडाचं नाणं तर २०१७ च्या ऑक्टोबरातच गेलं. फाटकापाशी बसलेल्या आजींना ते नाकारताना फार अवघडल्यासारखं होतं. जुन्या नोटा बँक ऑफ इंग्लंड बदलून देते.

आणि शौचालय. छोट्या घरगुती बागेत ते नसतं असंच धरून चाला. घरात जायची परवानगी मागू नका. वाटेत स्टेशनवर किंवा एखाद्या सुपरमार्केटमध्ये थांबून मगच पुढे जा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

६. आत गेल्यावर काय बघायचं

पहिल्यांदा गेले तेव्हा मी अर्ध्या तासात बाहेर आले होते. छान फुलं, रंगीत, झालं. बघायचं काय ते कळायला दोन-तीन बागा जाव्या लागल्या.

कॉटेज गार्डनचं मूळ शेतमजुरांच्या घरांत आहे. दाराशी तुकडाभर जमीन, तिच्यात कोबी, वाटाणा, औषधी पाला, एखादी मधमाश्यांची पेटी, कोंबड्या, आणि उरलेल्या जागेत फुलं. म्हणजे आपली परसबागच, फक्त घरापुढे आलेली. आज दिसतं ते रूप एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला विल्यम रॉबिन्सन आणि गर्ट्रूड जेकिल यांच्यासारख्या बागकारांनी घडवलं. आखीव चौकोन आणि हंगामी फुलांच्या रांगा त्यांना नको होत्या. केंटमधली सिसिंगहर्स्टची बाग आज जगप्रसिद्ध आहे. तीसुद्धा १९३८ साली याच योजनेत माणशी एक शिलिंग घेऊन लोकांसाठी पहिल्यांदा उघडली होती.

आधी एक फेरी न थांबता मारा. मग परत फाटकापाशी या आणि दुसऱ्या फेरीत खाली बघा. माती कुठे दिसते का? चांगल्या कॉटेज गार्डनमध्ये जूनमध्ये ती दिसत नाही. गुलाबाच्या पायाशी जिरेनियम पसरलेलं असतं. ते गुलाबाचे उघडे पाय झाकतं आणि तणही दाबतं. विटांच्या फटीत आपोआप उगवलेली रोपं असतील. मालकाने ती राहू दिली आहेत. कुठलं उपटायचं आणि कुठलं ठेवायचं हा निर्णय म्हणजेच या बागेची रचना, हे मला एका आजोबांनी गुडघ्यावर बसून दाखवलं. तोवर मला वाटायचं की असं सैल दिसणं म्हणजे कमी काम.

मग आधार शोधा. डेल्फिनियम माणसाच्या खांद्याइतकं सरळ उभं असतं ते काही आपल्या बळावर नव्हे. पानांच्या आत हेझल या झुडपाच्या फांद्या वसंतातच रोवून ठेवलेल्या असतात आणि जूनपर्यंत झाड त्या गिळून टाकतं. एकाच जातीच्या झुपक्यातली पुढची झाडं बुटकी आणि मागची उंच दिसली तर तोही हाताचा खेळ असतो: मे महिन्याच्या अखेरीला, लंडनमधल्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, पुढचे शेंडे छाटतात म्हणजे ती उशिरा फुलतात आणि बहर लांबतो. इथे त्याला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात. आपल्या शेवंतीचे शेंडे खुडतो त्याचाच हा भाऊ.

पावसानंतर गेलात तर लेडीज मँटलच्या पानावर बघा. आळूच्या पानावर थरथरतो तसाच थेंब तिथे असतो. आईने तो पाहिला आणि “अगं, हे तर आपल्यासारखंच” म्हणत ती पाच मिनिटं तिथेच उभी राहिली.

७. हात कुठे लावायचा नाही

हा भाग आपल्या माणसांसाठी मुद्दाम लिहिते.

बागा बघायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी आईने देवाला म्हणून ॲक्विलेजियाची दोन फुलं खुडली. तिच्या दृष्टीने त्यात काहीच वावगं नव्हतं. सांगलीत सकाळी शेजारच्या कुंपणावरून चार जास्वंदी घेतल्या तर कुणी काही म्हणत नाही. पण त्या देठाला लोकरीचा निळा धागा बांधलेला होता. मालकीणबाईंनी तो रंग बियांसाठी राखून ठेवला होता. मी जाऊन सांगितलं, माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, पण क्षणभर त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. तेव्हापासून निघताना गाडीतच सगळ्यांना सांगते: फूल, पान, बी, गळून पडलेलं फळसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचं नाही. धागा बांधलेला देठ दिसला तर तो बियांचा आहे हे ओळखा.

दुसरं कारण विषाचं. फॉक्सग्लोव्हचं अख्खं झाड विषारी आहे. हृदयावर चालणारं डिजिटॅलिस हे औषध त्याच कुळातून येतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ साली त्याबद्दल लिहिलं. त्याची मोठी, मऊ लव असलेली पानं पाहून “याची भाजी करतात का गं?” असा प्रश्न आमच्याकडे खरंच आला होता. मंक्सहूड हे निळं देखणं फूल तर आपल्या आयुर्वेदातल्या बचनागाच्या कुळातलं. लहान मुलांचा हात धरून ठेवा, आणि कशालाही हात लागला तर खायच्या आधी धुवा.

वाफ्यात पाय ठेवून फोटो काढू नका. रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते, तिथे कंद झोपलेले असतात. फोटो आपल्यापुरते काढायला सहसा कुणी ना म्हणत नाही, पण घराच्या खिडक्या आणि इतरांची मुलं त्यात येऊ देऊ नका. ड्रोन अजिबात नको. घरचा डबा हिरवळीवर उघडून बसू नका. डबा वाटेतल्या एखाद्या सार्वजनिक मैदानावर खा.

८. मालकांशी बोला

आपण इथे बुजतो. इंग्रजी उच्चार, झाडांची नावं माहीत नाहीत, काय विचारायचं? पण बोलायला कुणी आलं तर त्या माणसांना मनापासून आनंद होतो. मोठ्या प्रसिद्ध बागेत माळ्याशी दोन शब्द बोलायला मिळत नाहीत. इथे ज्याने खड्डा खणला तोच समोर उभा असतो.

मी नेहमी तीन प्रश्न विचारते. इथली माती कसली, चिकण की चुनखडीची? (तुमच्या घरची माती वेगळी असेल तर त्यांचं आवडलेलं झाड तुमच्याकडे कदाचित येणार नाही.) तुम्ही आलात तेव्हा इथे काय होतं? आणि तिसरा, गोगलगायींचं काय करता? हा तिसरा प्रश्न विचारल्यावर बोलणं थांबतच नाही.

खताचा ढीग बघायची परवानगी मागा. इतर पाहुणे तिकडे फिरकत नाहीत आणि मालकाला तोच दाखवायचा असतो. बाबांनी तिथे हातात मूठभर खत घेऊन वास घेतला आणि त्या गृहस्थांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पुढचा अर्धा तास ते दोघेच ढिगापाशी होते, मी दुभाषी म्हणूनही लागले नाही.

९. चहा आणि केक

चहा घ्याच. त्याचे पैसेही एखाद्या कामासाठीच जातात आणि केक घरी केलेले असतात. अंडं खात नसाल तर विचारा, कारण स्पंजच्या जवळपास प्रत्येक केकमध्ये ते असतं आणि स्कोनवरही पुष्कळदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. फ्लॅपजॅक बहुधा चालतो. तो ओट्स, लोणी आणि साखरेच्या पाकाचा असतो, आपल्या चिक्कीच्या जवळचा. चार वाजायच्या आधी टेबलापाशी जा, चांगले केक चारपर्यंत संपतात.

१०. रोपांचं टेबल, आणि बॅगेत काय भरायचं नाही

फाटकाजवळ मालकांनी स्वतः वाढवलेली रोपं दोन-तीन पौंडांना असतात. दुकानापेक्षा स्वस्त, आणि त्याच भागाच्या हवेत वाढलेली, म्हणून ती जगतात. इथला एक सापळा सांगते. फुलावर आलेलं फॉक्सग्लोव्ह घेऊ नका. हे झाड पहिल्या वर्षी फक्त पानांचा गुच्छ करतं, दुसऱ्या वर्षी फुलतं आणि बहुधा मरतं. तुम्ही फुललेलं आणलंत तर महिन्याभरात कुंडी रिकामी. नुसत्या पानांचं, बिनफुलाचं रोप घ्या. ते पुढच्या जूनमध्ये फुलेल आणि बी पडू दिलंत तर नंतरही येत राहील. हार्डी जिरेनियम मात्र डोळे मिटून घ्या. सावलीतही होतं, दर तीन-चार वर्षांनी मुळांसकट विभागलं की मैत्रिणींना वाटता येतं.

आणि आई-बाबांना हे आधीच सांगा: रोप, छाट किंवा कागदाच्या पुडीत बांधलेलं बी सांगलीला न्यायचं नाही. भारतात झाडं आणि बी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. विमानतळावर ते काढून घेतात. उलट दिशेलाही तेच. तुळशीचं रोप किंवा सोनचाफ्याची फांदी पर्समध्ये लपवून इथे आणायला त्यांना सांगू नका.

घरी आल्यावर रोप लगेच लावू नका. कुंडीसकट दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा आणि ऊन उतरल्यावर लावा. कुंडीत खोचलेली नावाची पट्टी फेकू नका. तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने गावाचं नाव आणि तारीख लिहा. पेनाची शाई इथल्या पावसात एका हिवाळ्यात जाते, पेन्सिल टिकते.